न आलेला वास

"ही खोली तुमची," मी म्हणाले आणि आईच्या खोलीचं दार पूर्ण उघडलं.

सौमित्र दारातच थांबला. त्याची बायको ऋचा त्याच्या मागे उभी होती. तिला पाचवा महिना संपत आला होता आणि तीन जिने चढून तिला दम लागला होता. मी आत जाऊन पलंगावरची चादर हाताने सारखी केली. सोलापुरी चादर, गर्द किरमिजी, दिवाळीत नवी काढून घातलेली. आई गेल्यापासून त्या पलंगावर कुणी झोपलं नव्हतं.

"कपाट रिकामं केलंय. आणि बाथरूम आतच आहे, म्हणजे ऋचाला रात्री लांब जायला नको."

"हो," सौमित्र म्हणाला. "छान आहे."

"आत ये की, बघ तरी."

तो दोन पावलं आत आला आणि खिडकीकडे गेला. खिडकी बंद होती, कबुतरं येतात म्हणून मी ती उघडत नसे. त्याने कडी काढायचा प्रयत्न केला, ती निघाली नाही. ऋचाने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं.

"मळमळतंय का गं?"

"थोडंसं, आत्या. प्रवासाने."

मी पुरणपोळ्या केल्या होत्या. ऋचाने अर्धी खाल्ली. सौमित्रने एक संपवली आणि घड्याळाकडे बघितलं. त्यांना कंपनीच्या कुणाला तरी भेटायचं होतं. येऊन तासही झाला नव्हता तोवर ते खाली रिक्षात बसले होते. आठवड्याने त्याचा फोन आला. जुळे सोलापूरला फ्लॅट बघितलाय, तिथून साइट जवळ पडते. "तुला उगाच त्रास नको, आत्या," तो म्हणाला.

मी म्हणाले, "बरं झालं, जवळ पडतं ते."

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पोस्टातून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत होते. लग्न केलं नव्हतं, आईबरोबर राहिले आणि आई गेल्यावर त्याच घरात एकटी राहिले. सौमित्र माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. लहानपणी मे महिना माझ्याकडे काढायचा. त्याची बदली सोलापूरला झाल्याचं कळलं तेव्हा मी कपाट रिकामं करायला लागले होते. त्याने 'तुझ्याकडे राहतो' असं कधी म्हटलं नव्हतं, हे मला फ्लॅटचा फोन आल्यावर आठवलं.

त्याआधी वर्षभर आणखीही एक गोष्ट घडत आली होती. पोस्टातल्या आम्ही चौघीजणी दर दुसऱ्या शनिवारी माझ्या घरी जमायचो. पत्ते खेळायचो, भडंग खायचो. माझ्या घरी सासू नाही, नवरा नाही, कुणी पाय पसरून बसलं तरी चालायचं. मग एकीचे गुडघे दुखायला लागले आणि तिला जिने नकोसे झाले. मग मंगल म्हणाली, पुढच्या वेळी बागेत भेटू या. बागेत दोनदा भेटलो. त्यानंतर फोन नुसते वाढदिवसाला यायला लागले.

मी कारणं शोधायची. मी फटकळ आहे. पत्त्यात हरले की चिडते. मंगलच्या सुनेबद्दल एकदा बोलू नये ते बोलले होते. अशी कारणं एकटीने शोधायला बसलं की भरपूर सापडतात.

घरात ठमी होती. करड्या पट्ट्यांची मांजरी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी सतरा दिवस घरात पडून होते तेव्हा गॅलरीतून आत आली ती गेलीच नाही. तिच्यासाठी मी आईच्या बाथरूममध्ये एक प्लास्टिकचा टब ठेवला होता. खाली कुठे बांधकाम निघालं की तिथून चाळलेली वाळू आणायची, टबात घालायची. दहा-बारा दिवसांनी बदलायची. ठमी वाळू उकरून सगळं नीट झाकायची, वाळू कोरडी दिसायची. वर मी फिनेल शिंपडायची, स्वच्छता असावी म्हणून.

त्या आजारात मला वास येईनासा झाला होता. डॉक्टर म्हणाले, महिन्या-दोन महिन्यांत येईल. आला नाही. मी कुणाला सांगितलं नाही. एकट्या बाईने तब्येतीची रडगाणी गायली की लोक फोन उचलेनासे होतात, हे मी आईच्या शेवटच्या वर्षांत बघितलं होतं. आणि वास म्हणजे काय, डोळे नव्हेत की कान नव्हेत. कुणी मोगऱ्याचा गजरा दिला की मी नाकाशी धरून "वा" म्हणायची. माझं चालत होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी बेल वाजली. दारात इंदुबाई सर्वगोड. माझ्या अगदी खालच्या फ्लॅटमध्ये सहा महिन्यांपूर्वी मुलाबरोबर राहायला आल्या होत्या. महानगरपालिकेच्या सफाई खात्यात बत्तीस वर्षं काढून, मुकादम होऊन निवृत्त झालेल्या. उंच, काळ्यासावळ्या, हातात कायम पिशवी. जिन्यात भेटलो की मान हलवायची, एवढीच ओळख.

"तुमच्या बाथरूममधनं आमच्यात पाणी उतरायलंय," त्या म्हणाल्या. "जरा बघू का?"

मी त्यांना आत घेतलं. आईच्या खोलीतून बाथरूमकडे जाताना त्या पलंगाशी थांबल्या. मग बाथरूममध्ये गेल्या, खाली बसून जाळी बघितली, टब बघितला. उठल्या.

"जाळीपाशी फट हाय. पांढरं सिमेंट भरलं तर थांबंल." पदराने हात पुसत त्या म्हणाल्या, "आणिक एक बोलू का? राग येईल तुम्हाला."

"बोला."

"घरात मांजराच्या मुताचा वास येतोय. आजकालचा न्हाई, मुरलेला. जिन्यातनंच सुरू होतो. तुम्हाला येत न्हाई का?"

"मी रोज फिनेलने पुसते घर."

"त्याचाबी येतोय. दोन्ही येतात."

"इतकी माणसं येतात माझ्याकडे. कुणी कधी बोललं नाही."

"कोण बोलंल बाई असलं?"

मी तेव्हा जे म्हणाले ते मी आजही विसरलेले नाही, आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट खरी होणार नाही. मी म्हणाले, "इंदुबाई, तुमचा जन्म कचऱ्यात गेला. तो वास तुमच्या नाकात बसलाय. माझ्या घरात नाही."

त्यांचा चेहरा तसाच होता, फक्त पिशवीची मूठ त्यांनी दुसऱ्या हातात घेतली.

"असंल," त्या म्हणाल्या. चपला घालून खाली गेल्या.

मी दार लावलं. खुर्चीत बसले. कोण बोलंल बाई असलं, हे एवढंच डोक्यात फिरत होतं. मी तर फणकाऱ्याने म्हटलं होतं की इतकी माणसं येतात. कोण येत होतं? पेपरवाला दारातून पेपर टाकायचा. दूधवाला पिशवी कडीला अडकवायचा.

तासाभराने मी आईच्या खोलीत गेले. ठमी पलंगावर होती. पाय किंचित फाकवून, शेपूट ताठ करून, एका जागी स्थिर बसली होती. मला बघून ती हलली नाही. काम उरकून तिने चादर दोन वेळा पंजाने ओढल्यासारखी केली आणि उतरून निघून गेली.

मी चादर उचलली. ती गादीपासून सुटताना तिचा फाटल्यासारखा आवाज आला. खाली गादीवर पिवळे, तपकिरी गोल होते, एकात एक गुंतलेले. कडेला बुरशीचे काळे ठिपके. कापूस जागोजागी पापडासारखा कडक झाला होता. फिनेल टाकलेला टब त्या मुक्या जनावराला नको होता, म्हणून तिने दुसरी कोरडी जागा शोधली होती. कधीपासून, कोण जाणे. दिवाळीनंतर मी ती चादर फक्त वरून सारखी करत आले होते.

मी गुडघ्यांवर बसले आणि त्या गादीवर तोंड टेकवून जितका घेता येईल तितका श्वास घेतला. काहीच आलं नाही. भिंत हुंगावी तसं.

मग मला सौमित्र दिसला, खिडकीची कडी ओढणारा. आणि ऋचा, ओढणी तोंडाशी धरलेली. पाच महिन्यांच्या गरोदर पोरीला मी या पलंगाशी उभी करून म्हणाले होते, ही खोली तुमची.

दुपारी मी खाली गेले. इंदुबाईंनी दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत.

"मी सकाळी बोलले ते फार वाईट बोलले," मी म्हणाले. "मला वासच येत नाही, इंदुबाई. कोरोनापासून. पण ते काही त्या बोलण्याचं कारण नाही."

त्यांनी खांद्यावरचा पदर सारखा केला.

"आईची गादी पूर्ण गेलीय. तुम्ही म्हणालात तसंच आहे."

"येतच न्हाई? कसलाच?"

"कसलाच नाही."

त्यांनी चौकटीला हात टेकला. "ते तुमचं बोलणं लक्षात ऱ्हाईल माझ्या," त्या म्हणाल्या. "उगं विसरले म्हणणार न्हाई. पर गादी आधी काढाय पायजे. ती असंस्तवर काय केलं तरी उपेग न्हाई." आत जाऊन त्यांनी हातमोजे आणले, एक जोड मला दिला.

गादी कापसाची, जुन्या काळातली, जड. आम्ही ती दोरीने बांधली आणि जिन्यावरून उतरवायला लागलो. पुढे इंदुबाई, मागे मी. भर दुपारची वेळ. दुसऱ्या मजल्यावरच्या शेटेबाईंनी दार उघडलं, बघितलं, आणि नाकावर रुमाल धरून म्हणाल्या, "काही मदत हवी का, बेंद्रेबाई?" त्यांच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. पहिल्या मजल्यावर कुणीतरी दार किलकिलं करून परत लावलं. अख्ख्या इमारतीला जे माहीत होतं ते मी उजेडात खांद्यावर घेऊन निघाले होते. पायरी चुकायला नको म्हणून खाली बघायचं होतं, ते बरं झालं.

कचऱ्याच्या गाडीवाल्याने इंदुबाईंना ओळखलं. "मुकादम, तुम्ही?" म्हणाला आणि विनातक्रार गादी चढवली.

मग त्यांनी मला शिकवलं. पुढचे आठ दिवस रोज सकाळी वर यायच्या, पण बसायच्या नाहीत. उभ्याउभ्या सांगायच्या, मी करायची.

"वासावर वास चढवायचा न्हाई. फिनेल बंद, उदबत्ती बंद. घाण काढली की वास आपसूक जातो. बत्तीस वर्सं हेच सांगत आले पोरींना."

जुना टब टाकून दिला. नखांनी त्याला चरे पडले होते, त्या चऱ्यांत सगळं मुरतं, म्हणाल्या. दुकानात मांजरासाठी वेगळी वाळू मिळते, ओली झाली की तिचे गोळे होतात. ती चार बोटं जाड भरायची, तळाला मूठभर खायचा सोडा. गोळे दिवसातून दोनदा उचलायचे, दिसो न दिसो. आठवड्याने सगळी वाळू ओतायची, टब गरम पाण्याने आणि साध्या साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवायचा. पलंगाच्या फळ्या, फरशीचे सांधे, भिंतीचा खालचा वीतभर भाग, सगळं व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसलं, वाळल्यावर पुन्हा पुसलं. टब बंद बाथरूममधून गॅलरीच्या दाराशी आणला, वारा लागेल असा. खिडकीची कडी इंदुबाईंनी बत्त्याने ठोकून काढली आणि कबुतरांसाठी जाळी बसवून घ्यायला लावली.

"रोज किती वाजता उचलायचं ते लिहून ठेवा भिंतीवर," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नाक न्हाई, तवा घड्याळावर चालायचं."

ठमीने दोन दिवस नव्या टबाभोवती फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी त्यात गेली.

रोज जाताना इंदुबाई खोलीच्या मधोमध उभ्या राहून श्वास घ्यायच्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. "हाय अजून," म्हणायच्या. "कोपऱ्यात हाय." नवव्या दिवशी म्हणाल्या, "गेला."

मी त्या संध्याकाळी मंगलला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "कसला वास गं? आम्हाला तर कधी जाणवला नाही. काहीतरीच तुझं." आणि मग सुनेबद्दल बोलत राहिली. पुढच्या शनिवारी या म्हटलं तर गुडघ्याचं कारण सांगितलं. आता गुडघे तिचे दुखत होते.

सौमित्रला फोन करायला मला आणखी चार दिवस लागले.

"सौमित्र, तुम्ही आला होतात तेव्हा घरात वास येत होता ना?"

"नाही गं आत्या. तसं काही नाही."

"मी गादी टाकली. मी बघितलीय ती. आता खोटं बोलू नकोस."

मागे कुकरची शिट्टी ऐकू आली.

"आत्या," तो शेवटी म्हणाला, "आम्हाला वाटलं, तुला माहीत असेल."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"म्हणजे, रोज त्यातच राहतेस, तर कळत असेलच. मला वाटलं, आजी गेल्यापासून तू... म्हणजे तुझं आता कशात लक्ष नाही. सोडून दिलंयस सगळं. बाबांना पण बोललो मी. ते म्हणाले, तिला काही विचारू नकोस, वाईट वाटेल."

म्हणजे त्यांनी माझ्याबद्दल चर्चा केली होती. शैलजाने स्वतःला सोडून दिलंय. माझा भाऊ, त्याची बायको, ही दोघं, कदाचित मंगल आणि तिच्या बरोबरच्या दोघी, सगळ्यांनी आपापल्या घरी बसून ते ठरवलं होतं आणि माझा मान राखून गप्प राहिले होते. मी इकडे ठरवत होते की मी कुणालाच नको आहे, आणि मीही मान राखून गप्प राहिले होते.

"मला वास येत नाही, सौमित्र. तीन वर्षं होत आली आता."

"काय? आणि तू सांगितलं नाहीस?"

"नाही सांगितलं."

पुढच्या रविवारी ती दोघं आली. मी दार उघडलं आणि बाजूला झाले. ऋचा उंबरठ्याशी थांबली, तिने श्वास घेतला. तिचा सातवा महिना लागत होता. तिच्या नाकपुड्या हलतात का, ओठ मिटतात का, हे मी चोरासारखी बघत होते.

"काही नाही, आत्या," ती म्हणाली. "खरंच काही नाही." आणि तिचे डोळे भरले. "मला तेव्हा सांगायला हवं होतं. मी घरी जाऊन रडले होते. कसं सांगायचं तेच कळेना."

खरं सांगत होती की पुन्हा माझा मान राखत होती, हे मला कळायला मार्ग नव्हता. तिने भात दोनदा घेतला, त्यावरून मी अंदाज बांधला.

आईच्या खोलीत नवी गादी घातली होती. जेवणानंतर ऋचा तिथे तासभर झोपली, ठमी तिच्या पायाशी. सौमित्र आणि मी गॅलरीत बसलो. तो फ्लॅटबद्दल बोलला. अकरा महिन्यांचा करार झाला होता, गॅसची जोडणी झाली होती, बाळासाठी पाळणासुद्धा टांगून झाला होता. मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. चार वाजता ती दोघं निघाली. जिन्यातून त्यांचे आवाज खाली गेले, मग फाटक वाजलं.

त्यानंतर ती दोघं येत राहिली. बाळाला घेऊनही आली. महिन्यातून एखादा रविवार, दुपारपुरती. शनिवारचे पत्ते पुन्हा कधी मांडले गेले नाहीत. इंदुबाई मात्र दर रविवारी संध्याकाळी एकदा वर येऊन जायच्या, वास बघायला. वर्षभर आल्या. मग मुलाला चाकणला नोकरी लागली आणि त्या त्याच्याबरोबर गेल्या. आता दारात कुणी आलं, मीटर बघायला असो की पार्सल द्यायला, की मी विचारते, "घरात कसला वास येतो का हो?" लोक गोंधळतात. म्हणतात, नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघते, घड्याळाकडे बघते, आणि टब साफ करून ठेवते.

पण त्या रविवारचं सांगायचं राहिलं. सौमित्र आणि ऋचा गेल्यावर मी दुपारची भांडी घासली. रात्रीपुरती डाळ गॅसवर ठेवली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. दिवे लावायचं सुचलं नाही. सातच्या सुमाराला बेल वाजली. इंदुबाई.

"आली होती ना पोरं?"

"आली होती. जेवली."

त्या आत आल्या, खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखा श्वास घेतला.

"मांजराचा न्हाई," त्या म्हणाल्या. "पर बाई, तुमची डाळ करपायलीय."

मी आत धावले. पातेल्यात पाणी आटलं होतं, कडेने काळं धरलं होतं. गॅस बंद केला. वाकून सवयीने श्वास घेतला, पण वाफ नुसती गरम लागली. थोडा वेळ मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. त्या गेल्या असतील असं वाटलं.

बाहेर आले तर इंदुबाईंनी दिवा लावला होता. चपला दाराबाहेर काढल्या होत्या, पिशवी खाली ठेवली होती आणि त्या खुर्चीत बसल्या होत्या.

"वरची तेवढी काढून घ्या दुसऱ्या भांड्यात," त्या म्हणाल्या. "खालची ढवळू नका."